रोज सकाळी मागचं चाक बसलेलं: दुर्गम वाटेवर ट्यूबलेस टायरची गळती कशी शोधावी

लक्षण बहुतेकांचं सारखंच असतं. अनेक दिवसांच्या माउंटन बाइक सफरीतली दुसरी किंवा तिसरी सकाळ. रात्री मुक्कामाला पोचलात तेव्हा मागचं चाक टणक होतं. सकाळी सामान बांधून सायकल पुढे ढकलली तर टायर रिमवर बसलेलं. पंप मारला की हवा टिकते, दिवस बऱ्यापैकी निघतो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग कोणी उरलेलं सगळं सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) ओततं, कोणी टायरवर दिसलेल्या पहिल्या ओरखड्यात प्लग (भोक बुजवायची रबरी पट्टी) खुपसतं, तरीही तिसऱ्या सकाळी चाक बसलेलंच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गावाजवळच्या राइडला हा नुसता त्रास असतो. जिथून रस्ता गाठायला एक-दोन दिवस लागतात, तिथे हाच प्रकार गंभीर होतो, कारण जवळचं सामान मोजकं असतं: सीलंटची छोटी बाटली, चार-सहा प्लग, एखाद-दुसरी ट्यूब. ते चुकीच्या दुखण्यावर खर्च झालं, की खरं दुखणं सापडेल तेव्हा हातात काही उरत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे. हवा कुठून जाते हे कळेपर्यंत बाटलीचं झाकण उघडू नका.

मुळात गळती आहे का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. थंडीने हवा आकसते. दुपारी ३० अंशांत २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेलं टायर पहाटे ५ अंशांत साधारण २१ दाखवेल, तेही कुठेही भोक नसताना. सामान लादलेल्या सायकलीवर हे ३ पीएसआय अंगठ्याने दाबूनही जाणवतात.

उंचीचा परिणामही तेवढाच मोठा आहे आणि तो जास्त फसवतो. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. ४००० मीटरवर बाहेरचा दाब जेमतेम ९ पीएसआय असतो, २००० मीटरवर साडेअकराच्या आसपास. म्हणजे खिंडीत थांबून २४ भरलेत आणि दोन हजार मीटर खाली उतरलात, तर खाली पोचेपर्यंत तुमचं टायर अडीच पीएसआय मऊ झालेलं असतं. आणि टायर सगळ्यात जास्त मार खातं ते याच उतारावर. पुष्कळ रिम अशा उतारावर ठोकर खातात आणि दोष दगडाला दिला जातो. मोठ्या उताराआधी खिंडीतच दोन-तीन पीएसआय जास्त भरा आणि खाली पोचल्यावर पुन्हा गेज लावा.

तिसरं कारण कार्बन डायऑक्साइडचं. आदल्या दिवशी चाक या वायूच्या काडतुसाने (छोट्या नळकांड्याने) भरलं असेल, तर सकाळी ते बरंच मऊ मिळणं स्वाभाविक आहे. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा खूप लवकर झिरपतो. काही लॅटेक्स सीलंट त्याच्या थंडगार झोताने आतच गोळा होतात, ते वेगळंच. काडतूस वापरलंत, तर मुक्कामाला पोचल्यावर तो वायू सोडून द्या आणि पंपाने साधी हवा भरा.

हे तिन्ही बाजूला सारण्यासाठी एक काम करा. झोपायच्या आधी, टायर थंड झाल्यावर, दोन्ही चाकांचा दाब गेजने पाहून लिहून ठेवा. सकाळी ऊन लागण्याआधी पुन्हा पाहा. दोन्ही चाकं सारखीच उतरली असतील तर ती थंडी. एकच उतरलं असेल तर गळती, आणि आता तिच्या मागे लागायचं.

आधी व्हॉल्व्ह

मागचं चाक बसलं की लोक ट्रेड, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग, न्याहाळायला लागतात. माझ्या मते सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी. तो दोन मिनिटांत तपासून होतो आणि त्यासाठी टायर उघडावं लागत नाही.

छोटे हातपंप बऱ्याचदा प्रेस्टा व्हॉल्व्हवर (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर) आट्याने बसतात. पंप काढताना नळीचं टोक उलटं फिरवलं, की तिच्यासोबत व्हॉल्व्हचा कोअरही (आतला सुटा होणारा गाभा) पाव फेरा सैल होतो. डोळ्यांना काही दिसत नाही, कानाला काही ऐकू येत नाही, पण रात्रभरात चाक खाली येतं. सकाळी तुम्ही पुन्हा तोच पंप लावता, तो काढताना कोअर पुन्हा सैल करता. रोज हवा भरणं हेच रोज हवा जाण्याचं कारण होऊन बसतं! यावर उपाय म्हणजे पंप काढून झाल्यावर दर वेळी कोअर चिमटीत धरून घट्ट करणं आणि कोअरचा चिमुकला पाना सोबत ठेवणं. तो नसेल तर पक्कड चालते, फक्त जोर बेताचा लावा, कोअर पितळेचा असतो.

कोअर घट्ट असूनही शंका वाटत असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब ठेवा. थेंब फुगून फुटत असेल तर कोअर गळतोय. तो काढून उजेडात धरा. खालच्या इवल्याशा रबरी बैठकीवर वाळलेल्या सीलंटची साय चिकटलेली दिसेल, कधी एखादा मोहरीएवढा गोळाही. नखाने ती खरवडून काढा आणि बैठक पुसून घ्या. बैठकच फाटली असेल तर नवा कोअर लागेल. सुटा कोअर वजनाला काहीच नाही, दोन तरी सोबत असावेत.

असा कोअर तुंबू नये म्हणून हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि सीलंट खाली उतरायला मिनिटभर द्या. तुंबलेल्या कोअरचा आणखी एक घोळ असा की पंपावरचा गेज खोटं बोलतो: दाब पंपाच्या नळीत चढतो, टायरमध्ये जात नाही. पंप अचानक जड लागला आणि टायर मात्र मऊच राहिलं, तर हेच समजा.

मग व्हॉल्व्हचं बूड. रिमच्या बाहेरचं छोटं नट खडखडाटाने सैल होतं, व्हॉल्व्ह हलायला लागतो आणि आतल्या रबरी बुडाभोवती फट पडते. नट बोटांनी घट्ट करा, पक्कड लावू नका. पकडीने आवळलेलं नट सुटत नाही, आणि ट्यूब टाकायची वेळ आली की अंधारात, थंड बोटांनी तेच सोडवत बसावं लागतं.

बुडबुडा जिथे, भोक तिथे असेलच असं नाही

आता पाणी घ्या. बाटलीत पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, आणि चाकात नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा. आधी ट्रेडवर ओता, मग दोन्ही साइडवॉलवर (टायरच्या बाजूंवर), मग रिमच्या कडेला, शेवटी स्पोकच्या निपलांवर (स्पोक रिमला धरणाऱ्या छोट्या नटांवर). घाई करू नका, हळू गळतीचा फेस जमायला वेळ लागतो. साबणाचं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका. हे काम वाहत्या पाण्यापासून निदान ६० मीटर दूर करा. सांडलेल्या सीलंटलाही हाच नियम.

ट्रेडमधून फेस आला तर काम सोपं आहे. काटा असेल तर उपसा, भोक खाली करून चाक थोडं फिरवा, सीलंटला संधी द्या, आणि तरीही थांबलं नाही तरच प्लग मारा.

फेस एखाद्या निपलपाशी, रिमच्या सांध्यावर किंवा व्हॉल्व्हच्या नटाभोवती आला, की बहुतेक जण तिथेच डागडुजी करायला बसतात आणि इथेच गाडी अडते. रिम आतून पोकळ असते. आतून स्पोकची भोकं झाकणाऱ्या रिम टेपला कुठेही चीर गेली, तर हवा त्या चिरेतून पोकळीत शिरते, पोकळीभर फिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. चीर एका टोकाला आणि बुडबुडा दुसऱ्या टोकाला, हे नेहमीचं आहे. निपलभोवती गोंद लावून उपयोग शून्य. निपलमधून येणारी हवा एवढंच सांगते की टेप गेली.

सुरुवातीच्या ट्यूबलेस चाकांत हा प्रश्नच नव्हता. १९९९ मध्ये माव्हिकने हचिन्सन आणि मिशलँ यांच्यासोबत जी यूएसटी पद्धत आणली, तिच्या रिमला आतून स्पोकची भोकंच नसत आणि टायर सीलंटशिवायही हवा धरत असे. ते सगळं वजनाला भारी होतं. आजची हलकी टायर-रिम जोडी हवा धरते ती पातळ टेपच्या आणि सीलंटच्या भरवशावर. म्हणून गळती शोधताना मला टेपचा संशय टायरच्या आधी येतो.

टेप का जाते? अरुंद असेल तर तिची कड बीडखाली (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या काठाखाली) दाबली जात नाही आणि सीलंट तिच्याखाली घुसतं. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३ ते ५ मिलीमीटर जास्त रुंद हवी. टायर लिव्हर आत खोल घातला, की तो टेपला ओरखडतो. लांब सफरीत जड मागच्या चाकावर स्पोकच्या भोकांवर टेप खाली दबत जाते आणि एखाद्या भोकाच्या काठावर फाटते. बोट फिरवलं तर ते भोक खळगीसारखं लागतं आणि त्याच्या कडेला केसाएवढी चीर असते. ती पाहायला टेप उजेडात तिरकी धरावी लागते.

रानात टेप बदलता येते, पण अटी आहेत. रिम कोरडी हवी, धूळ नको, जुनं सीलंट अल्कोहोलच्या पट्टीने पुसलेलं हवं. नवी टेप ताणून बसवा, दोन्ही टोकं व्हॉल्व्हच्या दोन बाजूंना दहा-पंधरा सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या, आणि शक्य असेल तर ट्यूब घालून रात्रभर दाबाखाली ठेवा. टेप रिमवर घट्ट बसते ती त्या दाबाने. पाऊस चालू असेल, हात चिखलाने माखले असतील, तर या फंदात पडू नका. सरळ ट्यूब टाका. ट्यूबला कमीपणा मानणारे पुष्कळ भेटतात, पण ओल्या रिमवर तीन वेळा टेप लावून अंधार पडू देण्यात काहीच शहाणपणा नाही.

रिमची कड आणि बीड

फेस रिमच्या कडेला आला तर आधी टायरच्या काठाजवळची बारीक उभारलेली रेघ पाहा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेली असेल तर तिथे बीड नीट बसलेलं नाही. हवा काढा, त्या भागाला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा.

रेघ बरोबर आहे, पण रिमच्या काठाला सीलंटची ओली रेघ आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसते, म्हणजे वळणावर किंवा खडकावर टायर आडवं दबून हवेने ढेकर दिली आहे, म्हणजे बीड क्षणभर सुटून हवा निसटली आहे. हे चालवतानाच होतं, उभ्या सायकलीला होत नाही. सामानाच्या वजनाने मागचं टायर जास्त वाकतं, हे लोक विसरतात आणि रोजच्या रिकाम्या सायकलीचाच दाब ठेवतात. भरलेल्या सायकलीला मागे २ ते ४ पीएसआय जास्त लागतात.

रिमला पोचा आला असेल तर तिथून थोडी-थोडी हवा जातच राहते. अॅल्युमिनियमची रिम पान्याच्या जबड्यात कापड घालून हळूहळू सरळ करता येते. एका झटक्यात वाकवलीत तर तडकेल. हवा धरण्यापुरती सरळ झाली की थांबा. कार्बनच्या रिमवर असला प्रयोग अजिबात करू नका. तडा दिसला तर दाब कमी ठेवून, वजन कमी करून, सर्वांत जवळच्या वाटेने बाहेर पडा.

साइडवॉल

नव्या टायरच्या साइडवॉलमधून घामासारखे सीलंटचे बारीक ठिपके येतात. ती रबराची छिद्रं आहेत, एक-दोन दिवस चालवल्यावर बुजतात. जुन्या टायरला तेच होत असेल तर आतलं रबर संपत आलंय.

एकाच पट्टीत साइडवॉल किंवा ट्रेड घासलेलं, कापडाचे धागे उघडे पडलेले दिसले, तर टायरला दोष देण्याआधी वर पाहा. सीटमागची पिशवी दिवसागणिक खाली सरकते. सस्पेन्शन पूर्ण दबतं तेव्हा चाक तिच्या बुडाला लागतं आणि उभ्या सायकलीवर याचा पत्ता लागत नाही. पिशवीच्या तळाला काळा, गुळगुळीत झालेला डाग असेल तर प्रकरण उघड आहे. शॉकमधली हवा काढून सस्पेन्शन पूर्ण दाबा आणि अंतर पाहा. सैल पट्ट्यांची लोंबती टोकंही अशीच घासतात.

चीर मोठी असेल तर नुसता प्लग टिकत नाही, कारण साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते. दात साफ करायचा फ्लॉस किंवा जाड नायलॉनचा दोरा आणि जाड सुई घेऊन शिवा. टाके चिरेच्या काठापासून चार-पाच मिलीमीटर आत घ्या, सुई पकडीने ढकला. आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड प्लास्टिकचं वेष्टन लावा आणि ट्यूब टाका. असं शिवलेलं टायर बरंच अंतर काढतं, उतारावर मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

ट्यूब टाकली, तीही बसली

ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे कितीतरी काटे शांतपणे रुतून असतात. सीलंटने ते पचवलेले असतात. ट्यूब ते पचवत नाही. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, जिथे अडकेल तिथला काटा पकडीने ओढून काढा. उघडं बोट फिरवू नका. दुर्गम भागात बोटाची जखम हा आणखी एक उपद्व्याप.

पंक्चर झालेली ट्यूब लगेच गुंडाळू नका, ती खूप सांगते. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर टायरमध्ये काहीतरी राहिलंय. व्हॉल्व्हपासूनचं अंतर ट्यूबवर मोजा आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये शोधा. टायर बसवतानाच त्याच्यावरची अक्षरं व्हॉल्व्हसमोर आणून ठेवली असतील तर हे काम पटकन होतं. भोक आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर टेप किंवा निपलचं टोक. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे ट्यूब खडक आणि रिम यांच्यात चिमटली, दाब कमी होता. ट्यूबसह चालवताना ३ ते ५ पीएसआय जास्त ठेवा. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर पंप मारताना तो हिसकला जातोय, किंवा कमी दाबामुळे टायर रिमवर सरकतंय.

नवी, न वापरलेली ट्यूबच गळकी निघाली, तर ती पिशवीत अवजारांसोबत घासली गेली आहे. मोज्यात किंवा जाड पिशवीत घालून वेगळी ठेवायला हवी होती. पातळ टीपीयू (एका प्रकारच्या प्लास्टिकची) ट्यूब वजनाला उत्तम, पण तिला तिचेच पॅच लागतात. रबरी ट्यूबचं सोल्यूशन आणि पॅच तिच्यावर धरत नाहीत.

हातपंपाने बीड बसत नाही तेव्हा

टायर उघडलं तर एकच बाजू उघडा, दुसरी रिमवर बसलेली राहू द्या. यानेच अर्धं काम हलकं होतं. कोअर काढून पंप मारा म्हणजे हवा जोरात आत जाते. टायरच्या घेरावर सामानाचा पट्टा आवळा, त्यामुळे बीड बाहेर ढकललं जातं. तरीही नाही बसलं, तर ट्यूब घालून दोन्ही बाजू बसवा, मग एकच बाजू सोडवून ट्यूब काढा, व्हॉल्व्ह लावा आणि आता फक्त त्या एका बाजूसाठी पंप मारा. वेळखाऊ आहे, पण जमतं.

निघण्याआधी

सीलंट दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उष्ण आणि कोरड्या हवेत आणखी लवकर. चाक कानाशी हलवून खळखळ ऐकणं पुरेसं नाही, दाट सीलंट आवाज करत नाही. कोअर काढा, व्हॉल्व्हमधून केबल टाय आत घाला आणि टोक किती भिजलं ते पाहा. २९ इंची, २.४ रुंदीच्या टायरला साधारण १०० ते १२० मिली लागतं. नवी टेप सफरीच्या आदल्या रात्री लावू नका. आठवडाभर आधी लावून, सामान लादून, खडबडीत वाटेवर चालवून घ्या. टेपचा एक घेर पंपाच्या दांड्यावर गुंडाळून ठेवा, म्हणजे तो हरवत नाही.

आणि वाटेत असताना एक मर्यादा आधीच ठरवा. शेवटची शाबूत ट्यूब चाकात गेली, त्या क्षणी ठरलेला बेत रद्द. नकाशावर सगळ्यात जवळची बाहेर पडणारी वाट पाहा. मागचं जड सामान शक्य तेवढं पुढे किंवा पाठीवर घ्या, दाब नेहमीपेक्षा वाढवा, खडकाळ उतारावर उतरून चाला. पंक्चर झालेल्या ट्यूबा मुक्कामाला, कोरड्या उजेडात, पॅच लावून ठेवा. सोल्यूशन पूर्ण सुकू द्या आणि मगच पॅच दाबा. दोन पॅच केलेल्या ट्यूबा रात्रभर हवा धरून राहिल्या, तर सकाळी मूळ वाटेचा विचार पुन्हा करता येईल.